लाल खुणेची पाच अंडी

माझ्या थोरल्या जावेच्या कोंबड्या अंड्यांवर बसत आणि माझ्या बसत नसत. एवढ्या गोष्टीवरून मी जवळजवळ वर्षभर जळत होते. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईने कोंबड्यांवरून जळावं, हे मलाही शोभत नव्हतं. पण जळत होते हे खरं, आणि ते लपवून आता काही मिळायचं नाही.

सोनगीरजवळच्या आमच्या गावात आमची दोन घरं शेजारी शेजारी आहेत. मधे कमरेइतक्या उंचीची दगडी भिंत आहे, ती वाटणीच्या वेळी घातली. पलीकडे जाऊ एकटी राहते. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा मुलगा सुरतेला असतो आणि दिवाळीला दोन दिवस येतो. ती शाळेची पायरी चढलेली नाही. माझी शाळा शिरपूरच्या वाटेवरच्या एका गावात होती. सकाळी सातच्या बसने मी जायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची. लेक दीड वर्षाची असल्यापासून दिवसभर जावेकडेच असे.

लेक माझी, पण तिचा दिवस जावेचा होता. ती जावेला मोठीआई म्हणे. चालायला शिकली ती जावेच्या कोंबड्यांच्या मागे धावत. तिसरीत असताना 'माझा आवडता प्राणी' या निबंधात तिने लिहिलं, मोठीआईची काळी कोंबडी. निबंध घरी मीच तपासला. शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि शेवटी लाल पेनाने बरोबरची खूण केली. ती खूण करताना माझा हात किती जड झाला होता, हे मला अजून आठवतं. त्या निबंधात मी कुठेच नव्हते.

निवृत्त झाल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर कोंबड्या आणल्या. जळगावच्या बाजारात एकाने शपथेवर गावरान म्हणून बारा पिलं दिली. घरामागे जाळीची खोली बांधून घेतली, धुळ्याहून खाद्याची गोणी आणली, पाण्यात कोणतं औषध कोणत्या वारी घालायचं याचा तक्ता करून दाराला चिकटवला. बारातल्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा जगला. मोठ्या झाल्यावर कोंबड्या तांबूस, गुबगुबीत दिसायला लागल्या आणि न चुकता अंडी देऊ लागल्या. मी खूश होते. जावेने भिंतीवरून एकदा नीट पाहिलं.

"मास्तरीन, तुन्या कोंबड्या बठ्ठ्या मशीनन्या शेतस," ती म्हणाली. "त्या अंडावर बसतस नही."

सगळ्या मशीनमध्ये उबवलेल्या जातीच्या, असं तिला म्हणायचं होतं, त्यात कुचकेपणा नव्हता. मला मात्र तो ऐकू आला. मी सहा महिने वाट पाहिली, एक तरी खुडूक होईल, पंख फुगवून घरट्यात रुसून बसेल. एकही बसली नाही. अंडं घातलं की ओरडायचं आणि खाद्याच्या भांड्याकडे पळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पलीकडे जावेच्या पाच-सहा काटक कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरत, बाभळीवर चढत, अंडी मोजकीच देत, पण वर्षातून दोन-तीनदा प्रत्येकीच्या मागे पिलांची रांग असे. मी ती रांग पाहिली की खिडकी लावून घेत असे.

त्यातच लेकीला दिवस गेले. तिला असोद्याला दिली आहे. सासरी केळीचे बाग आहेत, सगळं आहे, पण अंगणात कोंबडी नाही. सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी आमच्याकडे आली तेव्हा कापसाची दुसरी वेचणी चालू होती. मी तिच्यासाठी खोली सारवून, रंगवून ठेवली होती. तिने पिशवी त्या खोलीत टाकली आणि पहिली भिंतीपलीकडे गेली.

"आई, औषधं घातलेल्या कोंबड्यांची अंडी आता मला नकोत," तिने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगून टाकलं. "मी मोठीआईकडची खाईन."

मी त्याच दिवशी खाद्याची गोणी गोठ्यातल्या म्हशीपुढे रिकामी करायला निघाले होते, नवऱ्याने हात धरला म्हणून म्हैस वाचली. पण औषधाच्या बाटल्या आणि दारावरचा तक्ता मी काढून टाकला. ठरवलं, जाऊ करते ते सगळं करायचं. ती बाजरी घालते, मीही बाजरी घातली. ती चुलीची राख एका खड्ड्यात टाकते, कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा मरतात. मीही खड्डा केला. घरट्यात ती सीताफळाचा पाला टाकते, मी झाडच ओरबाडलं. पिलांसाठी ती शेण आणि ओला पाचोळा भरलेलं मडकं शेताच्या कडेला उपडं घालते, त्याखाली वाळवी जमते आणि पिलं ती वेचून खातात. मीही मडकं घातलं. मला रोज बघायला सोपं पडावं म्हणून घराच्या भिंतीला लागून घातलं. वाळवी जमली, आणि मडक्यातून निघून माझ्या पुस्तकांच्या कपाटात शिरली. जाऊ मदतीला आली, कपाट उन्हात काढलं, आणि तोंडावर पदर धरून हसली. लेकही हसली. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या, ते मला पुस्तकांपेक्षा जास्त लागलं.

आणि एवढं करूनही माझ्या कोंबड्या बसायला तयार नव्हत्या.

एका दुपारी लेक पलीकडून आली ती गाल लाल करून. जावेची काळी कोंबडी खुडूक झाली होती आणि जावेने तिला अकरा अंड्यांवर बसवलं होतं. टोपलीत तळाला राख, वर चाळलेली माती, मग पाला. प्रत्येक अंड्याभोवती कोळशाची रेघ, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मधेच नवं अंडं घातलं तर ओळखू यावं. आणि आमच्याकडे एक रीत आहे, ज्या हाताने कोंबडी बसवली त्याच हाताने तिची देखभाल करायची. दुसऱ्या कुणी त्या टोपलीला हात लावायचा नाही. लेक नुसती लांबून बघून आली होती आणि तेवढ्यावर तिचा चेहरा फुलला होता.

"आई, तुझी एकही बसत नाही ना?" ती सहज म्हणाली. "तुझ्या कोंबड्या नोकरीवाल्या आहेत. अंडं दिलं की निघाल्या."

ती हसत होती. मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं मी इतकं घासलं की नवऱ्याने येऊन विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. पण काय झालं होतं ते मला पक्कं कळलं होतं. माझ्या लेकीच्या लेखी मी अंडं देऊन निघालेली बाई होते. तिचं बाळ यायच्या आत माझ्या अंड्यांतून पिलं निघालीच पाहिजेत, आणि ती माझी आहेत हे तिने बघितलंच पाहिजे, असं माझ्या डोक्याने घेतलं. बाकी सगळं मला दिसेनासं झालं.

काळी कोंबडी दुपारी साडेबाराच्या सुमाराला उठत असे. दाणे टिपायची, पाणी प्यायची, राखेत लोळायची आणि पुन्हा जाऊन बसायची. मी तीन दिवस घड्याळ लावून बघितलं, तिला पंधरा मिनिटं लागत. चौथ्या दिवशी जाऊ दळण घेऊन गेली, लेक झोपली होती. मी माझ्या कोंबड्यांची पाच अंडी पदरात घेऊन भिंत ओलांडली. साठी जवळ आलेली बाई भिंत ओलांडते आहे हे कुणी पाहिलं नाही, हे माझं नशीब.

त्या अंड्यांवर मी आधीच खूण करून ठेवली होती. पिलं निघाली की फुटलेली टरफलं लेकीला दाखवायची होती, बघ, ही माझी. कोळशाने केली असती तर जावेची आणि माझी एकच दिसली असती. म्हणून मी लाल पेनाने केली. बरोबरची खूण, जशी तीस वर्षं केली तशीच. दुसरी कोणती खूण मला सुचलीच नाही.

टोपलीतली जावेची पाच अंडी उचलली, माझी पाच ठेवली. अकराची अकरा राहिली. कोंबडीला बसवून आठ दिवस होऊन गेले आहेत याचा मी विचारच केला नाही. पुढेमागे निघतील, एवढंच वाटलं. मुलांना एकवीस दिवसांचा धडा शिकवलेल्या बाईला एवढं साधं गणित सुचू नये, याला दुसरं काही कारण नाही, मी आंधळी झाले होते.

जावेची ती पाच अंडी हाताला गरम लागत होती. ती कुठे ठेवावीत हे मी ठरवलंच नव्हतं. मी ती आमच्या मागच्या उकिरड्यावर नेली. घाईत एक हातातून निसटलं आणि दगडावर फुटलं. आत लाल धाग्यांचं जाळं होतं आणि मधे एक टिंब धडधडत होतं. मी त्याच्याकडे ते थांबेपर्यंत बघत उभी राहिले. मग उरलेली चार त्याच्याजवळ ठेवली, वर शेण ओढलं, राख टाकली आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लेकीला वाटलं मला पित्त झालं आहे, तिने मला लिंबाचं सरबत करून दिलं.

दोन दिवसांनी धीर करून मी पुन्हा त्या पंधरा मिनिटांत डोकावले. अकरा अंडी होती आणि अकराही अंड्यांवर कोळशाच्या काळ्या रेघा होत्या. लाल खूण एकही दिसली नाही. हात लावून बघायची हिंमत झाली नाही. कोंबडीच्या पोटाखाली घासून शाई गेली असेल, राखेने काळी झाली असतील, अशी मी माझी समजूत घातली. जाऊ नेहमीसारखीच वागत होती. उलट त्या आठवड्यात तिने मला बाजरीचे पापड आणून दिले, तेही मला खुपलं.

एकविसाव्या दिवशी सहा पिलं निघाली. काळी, करडी, एक पिवळसर. लेक जावेच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि एकेक पिलू बाहेर पडलं की मला हाका मारत होती. मी भिंतीच्या अलीकडून, छान आहे, छान आहे, म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी कोंबडी सहा पिलं घेऊन टोपलीतून उतरली आणि परत फिरकली नाही. कोंबडी तशीच करते. पिलं चालायला लागली की ती उरलेल्या अंड्यांची वाट पाहत नाही. हे जावेला ठाऊक होतं, लेकीलाही ठाऊक होतं, मला त्या दिवशी कळलं.

"मोठीआई, पाच वाया गेली," लेक म्हणाली.

जावेने अंड्यांवर हात ठेवून पाहिला. "वाया नही गयात," ती म्हणाली. "आखो त्यास्ना दिवस भरनात नही."

तिची एक करडी कोंबडी त्याच आठवड्यात खुडूक झाली होती. दिवस मावळताना जावेने ती पाच अंडी पदराखाली धरून नेली आणि त्या कोंबडीखाली सरकवली. तेवढ्या वेळात तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नऊ दिवसांनी सकाळी ती टोपली कमरेवर घेऊन आमच्या दारात आली. टोपलीत करडी कोंबडी आणि तिच्या पंखाखाली तीन तांबूस पिलं. दोन अंडी निघाली नव्हती. लेक अवघडून उठली आणि जवळ आली.

"तुनी मायना कोंबड्यासना शेतस ह्या पिलं," जाऊ तिला म्हणाली. "तिनाच हातनी बसाडेल शेतस."

"आई, तू बसवलीस?" लेकीने माझ्याकडे पाहिलं. "मला बोलली नाहीस."

मी मान हलवली. ती मान कशी हलली ते मला माहीत नाही. लेकीने एक पिलू उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि स्वतःचा हात खाली धरला. ते तिच्या लहानपणी मी कधी केलं नव्हतं. टोपलीतल्या राखेत टरफलाचा एक मोठा तुकडा पडला होता. लेकीचं लक्ष नाही असं बघून मी तो उचलला. एका जागी कोळसा जाड थापलेला होता. अंगठ्याने पुसला, तर खाली माझी लाल खूण.

म्हणजे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. अक्षर न येणाऱ्या बाईने माझी सही ओळखली होती, आणि लेकीला दिसू नये म्हणून ती झाकली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटायला हवं होतं. मला वाटलं ते वेगळंच. माझी लेक तिने वाढवली ती वाढवलीच. आता माझी चोरीसुद्धा तिनेच उबवून, जिवंत करून माझ्या दारात आणून दिली. मला हवं ते सगळं मिळालं आणि तिच्याच हातून मिळालं. त्या क्षणी मला ती अजिबात आवडली नाही.

पंधरा दिवसांनी धुळ्याच्या दवाखान्यात लेकीला मुलगी झाली. घरी आणल्यावर आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. माझ्या कोंबड्यांची अंडी लेकीने खाल्ली. बाळाला न्हाऊ घालायला जाऊ येत असे, ते मी चालवून घेतलं, कारण माझा हात थरथरतो आणि तिचा थरथरत नाही.

पण एक गोष्ट मला चालवून घेता येईना. करडी कोंबडी दिवसभर माझ्या अंगणात पिलांना चरवायची. संध्याकाळ झाली की फाटकाखालच्या फटीतून निघायची आणि पिलांना मागे घेऊन सरळ जावेच्या घरी जायची. मी तिला पकडून आणायची, माझ्या टोपलीखाली झाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाजरी घातली, तांदळाची कणी घातली, दोन दिवस कोंडून ठेवली. सोडली की संध्याकाळी पलीकडे.

एका संध्याकाळी मी अशीच तिला आणायला गेले. जाऊ ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. कोंबडी तिच्या पायाजवळ, पिलं कोंबडीच्या पोटाखाली. लेक आमच्या घरात बाळाला पाजत होती. मला राहवलं नाही.

"अक्का, तुमन्या पाच अंडा मी उकिरडामा पुऱ्यात," मी म्हटलं.

"माले माहीत शे." तिने सूप हलवलं. "मन्या कोंबड्यासनी उकिरडा उकरा. टरफलं वर उनात. त्यावर रेघ मनीच व्हती."

"मंग तुम्ही काबरं बोलनात नही?"

तिने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मला वाटलं, ती आता मला ऐकवणार, आणि खरं सांगते, तिने ऐकवावं असंच मला वाटत होतं. निदान एकदा तरी ती माझ्यापेक्षा लहान झाली असती.

"दहा वरीस तुनी पोर दिनभर मनी व्हती," ती म्हणाली. "मनाच हातनी खाये, मनाच मांडीवर निजे. सांजले तुनी बसना भोंगा वाजना का हातमधला घास टाकीसन फाट्यावर पये. एक दिनबी मांगे वळीसन दखे नही." तिने कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "मी कधी उनू का तिले धरीसन आनाले?"

फाट्यावर बसमधून उतरताना पायाला येऊन बिलगणारी ती धुळकट फ्रॉकमधली पोर मला दिसली. तिच्या तोंडाला भाताची शितं असत. कुणाच्या ताटातली, हे मी दहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी तिला कडेवर घेऊन जावेच्या दारावरून घरात जायची, आणि दारात जाऊ उभी असायची, हातात तो अर्धा घास घेऊन.

आतून लेकीने हाक मारली, आई, बाळाचं दुपटं दे. मी वळले. कोंबडीला हात लावला नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पण मी खाली वाकले, तिला उचललं, तिन्ही पिलं पदरात घेतली आणि घरी आणली. माझ्या मागे जावेच्या सुपातले तांदूळ पुन्हा वाजायला लागले.